हे गेले

इंडिकेटर नेहमीपेक्षा घाईघाईने टिकटिकायला लागला, की त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो, एवढं मुद्रितशोधकाला ठाऊक होतं. त्याने गाडी दारासमोर लावली, डिकी उघडली आणि बाह्या सरसावल्या. ते बघून त्याची बायको लगबगीने बाहेर आली.

"अहो, कोपऱ्यावर गॅरेज आहे. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचंच आहे ना? मग मीच करतो."

"उद्या सकाळी वन्संना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. आजच कशाला हा प्रयोग?"

"प्रयोग नव्हे, दुरुस्ती." लोकांच्या लिखाणातल्या चुका काढण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे बायकोचं वाक्यही तपासल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे.

खरं कारण वेगळं होतं आणि ते तिलाही माहीत होतं. मागे त्याने ताईच्या घरी भिंतीला एक फळी ठोकून दिली होती. ती पडायला कुणाचाही पाय चालला असता, पण पडली ती नेमकी दादाच्या पायावर. दादा म्हणजे थोरला भाऊ. अंगठा धरून तो चारचौघांत म्हणाला, "याला पुस्तकातल्या चुकाच काढू द्या. याच्या हाताला दुसरं काही जमत नाही." यावर धाकटा म्हणाला, "आणि याच्या जिभेला हाड नाही." झालं! एवढ्याशा फळीवरून दोघांचं बोलणं बंद पडलं ते पडलंच.

ऑपरेशनला दोघांनीही यावं म्हणून ताईने जंग जंग पछाडलं होतं. "तो असेल तर मी नाही," असं दादाने कळवलं. "तो असेल तर मी नाही," असं यानेही कळवलं. निदान एका वाक्यावर तरी भावांचं एकमत झालं. शेवटी ताईने धाकट्याला निवडलं, पण गाडी बिघडली तर दादाला बोलावीन, असं बजावूनही ठेवलं. आता तुम्हीच सांगा, हा माणूस गॅरेजमध्ये जाईल कसा?

दिव्याची काच निघाली, ती बायकोने साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकली. जुना बल्बही निघाला. नवा मात्र बसेना. बल्बच्या बुडाशी दोन बारीक खुंट्या असतात, त्या खाचेत घालून दाबायचं आणि फिरवायचं. या खुंट्या समोरासमोर नव्हत्या, जरा तिरक्या होत्या. बल्ब फिरवून बघावा, असं एखाद्याला वाटलं असतं. याला वाटलं, बल्बमध्येच मुद्रणदोष आहे. त्याने तो तसाच दाबून कोंबला आणि बायकोला चारही दिवे एकदम लुकलुकवणारं बटण दाबायला लावलं.

"लागला," ती मागे येऊन म्हणाली. "गेला. लागला. गेला."

"'गेला' म्हणू नकोस. 'विझला' म्हण. बल्ब गेला म्हणजे कायमचा गेला."

"मी बल्ब बघतेय की परीक्षेला बसलेय? लागला. विझला. लागला. विझला. आणि आता लागतच नाहीये, त्याला काय म्हणू?"

"सैल बसलाय. बटण चालू राहू दे," असं म्हणत त्याने लोखंडी चिमटा घेतला आणि डिकीत डोकं घातलं. त्याचा फोन टॉर्च बनून केव्हाचा तापला होता, तो याच क्षणी संपला. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ताईच होती. बायकोने फोन खांद्याने कानाशी धरला.

"काय गं, कुठाय तो? गाडी बरी आहे ना?"

"गाडीतच आहेत डोकं घालून. दुपारपासून जेवलेसुद्धा नाहीत."

डिकीत चटकन ठिणगी उडाली. चारही दिवे एकदम मेले.

"अगंबाई! वन्सं, हे गेले!"

"कोण गेले?"

"हे हो, हे! आत्तापर्यंत चांगले होते, माझ्या डोळ्यांदेखत गेले! पुढचे, मागचे, सगळे…" आणि खांद्यावरचा फोन सुळकन निसटला तो थेट बादलीत.

ताईला फक्त बुडबुडे ऐकू आले असतील.

इकडे कुणाला कशाचा पत्ताच नव्हता. बायको फोन बाहेर काढायला गेली आणि साबणाचं पाणी तिच्या डोळ्यांत उडालं. ती पायरीवर बसून डोळे पुसत राहिली. डोळे चुरचुरत होते, फोन गेला होता, उद्याचा दिवस डोळ्यांपुढे दिसत होता. थोडीफार ती खरंच रडली.

मुद्रितशोधकाने मात्र हार मानली नाही. फ्यूज उडालाय, हे त्याच्या लक्षात आलं. फ्यूजची डबी स्टिअरिंगखाली, आत खोल. तिच्या झाकणातला एक जादा फ्यूज त्याने काढून सीटवर ठेवला, खाली एक जुनी पांढरी चादर अंथरली आणि तो तिच्यावर उताणा शिरला. डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. उडालेला फ्यूज नखाने ओढताना जरा हललं तरी पकड सुटत होती, म्हणून तो श्वास रोखून अगदी निपचित पडून राहिला.

नेमकी तेव्हाच टॅक्सी येऊन थांबली. दादा उतरला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बायकोची. समोर पायरीवर भावजय डोळे पुसत बसलेली. गाडीच्या दारातून पांढरी चादर लोंबतेय आणि चादरीवरून दोन पाय बाहेर आलेत. त्याने काही विचारलंच नाही. तो सरळ खाली बसला आणि ते पाय त्याने छातीशी धरले.

"असा रे कसा गेलास! मी बोललो तसं माझ्या मनात नव्हतं रे. फळी तू चांगलीच ठोकली होतीस. भिंतच भुसभुशीत होती. मला तेव्हाच दिसलं होतं, पण अंगठा ठणकत होता, नि मग म्हणायचं राहूनच गेलं. तुझ्या हाताला सगळं जमत होतं रे!"

पेडलपाशी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आधी त्याला काही उमजेना. मग उमजलं. हाक मारावी, असं त्याच्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर आणखी दोन वाक्यं ऐकायची होती. जन्मात पहिल्यांदा तो दुसऱ्याचं बोलणं न तपासता ऐकत राहिला. डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं आणि गुदगुल्या व्हायला लागल्या, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"दादा, सीटवर फ्यूज आहे बघ. लाल. दे जरा."

"हा घे," दादा हुंदका देत म्हणाला आणि त्याने फ्यूज दिलाही. मग तो ताडकन उठला. "अरे! तू मेला नाहीस?"

"मी नाही. दिवे गेलेत."

"मग ताई का म्हणाली, 'हे गेले, तिच्या डोळ्यांदेखत गेले'?"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, मी दिव्यांना 'हे' म्हटलं!"

"लोक एकाला 'हा' म्हणतात आणि अनेकांना 'हे'," मुद्रितशोधक खालूनच म्हणाला. "नवरा एकटा असून 'हे' होतो, तिथेच घोळ आहे."

"घोळ तुझ्या हाताचा आहे! कुठाय तो बल्ब? तुझ्या हाताला काही…" दादा थांबला. पुढचे शब्द त्याने गिळले. "म्हणजे, मी नुसता फिरवून बघतो."

खुंट्या तिरक्याच असतात, खाचाही तिरक्या असतात. बल्ब अर्धा फिरवला आणि तो टचकन बसला. तिकडे खाली फ्यूजही बसला. चारही दिवे लागले. "लागले! विझले!" दोघं भाऊ एका सुरात ओरडत होते, आणि बायकोला ते थांबवावेसे वाटेनात.

पण तिकडे ताई बिचारी रडून अर्धमेली झाली असेल. दादा फोन घरीच विसरला होता. तिघं तसेच गाडीत बसून निघाले. वाटेत दादा प्रत्येक वळणावर इंडिकेटरचे टिक मोजत होता आणि मान डोलावत होता.

ताईने दार उघडलं. हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर रडण्याची खूणसुद्धा नव्हती.

"आलात? साखर डब्यात आहे, घ्या करून."

"ताई, अगं मी जिवंत आहे!"

"माहीत आहे की. पुढचे गेले, मागचे गेले, सगळे गेले म्हणाली ही. माझा भाऊ पुढूनमागून एकच आहे."

"मग मला का गं तसं सांगितलंस?" दादा ओरडला. "टॅक्सीत माझं काय झालं, तुला ठाऊक आहे?"

"मी पदरचा एक शब्द घातला नाही. हिने जे सांगितलं, तेच तुला सांगितलं. 'हे' म्हणजे कोण, ते तू विचारलंस? फोन टाकलास नि धावत सुटलास." ताईने कप खाली ठेवला. तिचा आवाज मऊ झाला. "धावशील, एवढं माहीत होतं मला. आता जरा उजेडात उभे राहा बरं दोघं, जवळ जवळ."

दोघं फळी पडली त्या भिंतीपाशी उभे राहिले. ताई डोळे बारीक करून बघत राहिली.

"आज नुसते दोन ढग दिसतायत. पट्टी सुटली की पहिल्यांदा हेच बघायचंय मला," ती म्हणाली. "हे म्हणजे दोघं. नंतर घोळ नको."