बिननळाची अक्कल

तांबवडीत अक्कल एक दिवसाआड येते, आणि तीही कमी दाबानं. डोंगरावरच्या मोठ्या टाकीतून ती नगरपालिकेच्या पाइपानं खाली येते आणि दुकानादुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये उतरते. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागं त्यासाठी नळ बसवलेला असतो. नळ सुटला की पेठेत एकच धांदल. कुणी मालाचा भाव ठरवून घेतो, कुणी रुसलेल्या भावाशी बोलणं सुरू करावं का ते विचारून घेतो. कोरड्या दिवशी लोक बिनअकलेची कामं उरकतात. सत्कार, उद्घाटनं, नगरपालिकेची सभा, असली.

पूर्वी म्हणे घरोघरी स्वतःची अक्कल होती. नळ आल्यावर लोकांनी ती बुजवली आणि वर पार्किंग केलं.

विमलाक्का मगदूमांचा भडंगाचा कारखाना याच पेठेत. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि वरून अक्कांचा मसाला. त्या मसाल्याचं प्रमाण अक्कांनी कितीतरी कढया करपवून बसवलेलं, आणि कारखान्यात कामाला येणाऱ्या पेठेतल्या बायांची चूल त्यावरच पेटायची. पण अलीकडं खप घसरायला लागला होता. समोरच्या आवटींच्या भडंगाला हुबेहूब तीच चव यायला लागली होती आणि ते स्वस्तही होतं.

कारण शोधलं ते अक्कांचे यजमान बाहुबलीअण्णा यांनी. आवटींकडं चहाला गेले होते, ते कप अर्धा ठेवून परत आले.

"आवटीनं नळाला मोटर लावलीय."

अक्कांनी झारा खाली ठेवला. "पाण्याच्या?"

"अकलेच्या."

मग सगळाच उलगडा झाला. टाकीला विचारलेला प्रश्नही त्याच पाइपानं वर जातो. 'लसूण वाढवला तर मिरची किती कमी करू' असं अक्का विचारायच्या, आणि प्रश्न कोपऱ्यावर पोचायच्या आत आवटींची मोटर तो ओढून घ्यायची.

"म्हणजे मी विचारत होते वर, आणि ऐकत होता समोरचा," अक्का म्हणाल्या.

त्या तडक नगरपालिकेत गेल्या. अक्कल पुरवठा विभागाचे सातपुते टेबलावर कोपरं टेकून बसले होते.

"मोटर लावायला बंदी आहे, अक्का."

"मग काढा की."

"काढायची म्हणजे निर्णय घ्यावा लागतो. आज कोरडा दिवस आहे."

"मग उद्या काढा."

"उद्या नळ येईल, पण आवटींच्या मोटरमुळं आमच्यापर्यंत पोचत नाही."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. अक्का उठल्या आणि जिल्ह्याच्या गावाला जाऊन आतच अक्कल बसवलेला कॉम्प्युटर घेऊन आल्या. त्याच्या पोटात बॅटरीशेजारी विचार करायला एक वेगळी चिप होती, आणि ती दुसरं काहीच काम करत नव्हती.

"महाग दिसतोय," अण्णा म्हणाले.

"आवटीपेक्षा स्वस्त पडतो."

"वीज?"

"चिमणीगत खातो."

अण्णांनी कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारली. "घरात अजून एकाला अक्कल आली, तर माझं कसं व्हायचं?"

"तुमचं आहे तसंच चालू दे."

अक्कांनी दार लावलं आणि त्याला मसाला सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अण्णा भिंतीला कान लावून उभे राहिले. पाइपातून काहीच गेलं नाही.

"कळलं, अक्का," कॉम्प्युटर म्हणाला. "हे इथंच राहील."

चार दिवसांनी सातपुते तपासणीला आले. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघितलं, टेबलाखाली बघितलं.

"नळ कुठाय?"

"नाही."

"मग अक्कल येते कुठनं?"

"येत नाही. असते."

सातपुत्यांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी कागदावर 'खाजगी विहीर' असं लिहिलं, कारण दुसरा रकाना नव्हता.

"नळपट्टी मात्र भरावी लागेल."

"नळ नसताना?"

"नळपट्टीला नळ लागत नाही, अक्का."

त्याच महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या दुकानसाखळीचे खरेदीवाले तगारेसाहेब तांबवडीला यायचे ठरले. गावातल्या एकाच कारखान्याचं भडंग ते त्यांच्या सगळ्या दुकानांत ठेवणार होते. अक्कांनी बायांना भट्टीजवळ बसवून सरळ सांगितलं, "हे आवटीला गेलं तर आपली भट्टी विझली म्हणून समजा."

"आणि आमचं काय?" हौसाबाईंनी विचारलं. त्या बायांत सगळ्यात जुन्या.

"तेच सांगायलेय."

तगारेसाहेब आले ते नेमके कोरड्या दिवशी.

आधी ते आवटींकडं गेले. सगळी पेठ दारात जमली होती. आवटींनी साहेबांना उंबऱ्यावरच गाठून कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. आवटींनी मोटर फुल्ल सोडली. पाइपात अक्कल नव्हती, पण मोटर म्हटली की तिला काहीतरी ओढावंच लागतं. तिनं शेजारपाजारच्या नळांत तुंबलेली शिळी अक्कल ओढायला सुरुवात केली.

"भडंग किती दिवस टिकतं?" तगारेसाहेबांनी विचारलं.

"मुलगी मनमिळाऊ आहे," आवटींचा कॉम्प्युटर म्हणाला. "अपेक्षा फार नाहीत." दोन घरं सोडून वधूवर सूचक केंद्र होतं.

तगारेसाहेबांनी ते लिहून घेतलं. "महिन्याला किती माल द्याल?"

"गुडघ्याला तेल लावून शेका. जिना टाळा."

"तेल कुठलं?"

"तिळाचं."

एवढं एक उत्तर तगारेसाहेबांना पटल्यासारखं दिसलं. आवटींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आज दाब जरा कमी आहे, साहेब."

"दिसतंय," असं म्हणून तगारेसाहेब रस्ता ओलांडून अक्कांकडं आले. पेठही त्यांच्या मागून आली.

"भडंग किती दिवस टिकतं?"

"पावसाळ्यात कमी टिकतं, साहेब," अक्कांचा कॉम्प्युटर म्हणाला. "पुडा दुहेरी केला तर चांगलं टिकेल. दुहेरी पुड्याचा भाव काढून ठेवलाय. वाढीव माल लागला तर दुसरी भट्टी पेटवता येईल. बाया तयार आहेत, अक्कांनी विचारून घेतलंय."

एवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. दारातल्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. आवटींच्या मोटरचा आवाजही बंद झाला.

"चालू द्या, साहेब," कॉम्प्युटर म्हणाला. "माझं पोट भरलेलं आहे."

तगारेसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडं आज नळ आलाय?"

"आमच्याकडं नळच नाही," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मसाल्यात काय काय आहे?"

अक्कांचा हात पदरावरच थांबला. हौसाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"लसूण तुम्हाला खाताना कळलाच असेल," कॉम्प्युटर म्हणाला. "बाकीचं अक्कांना विचारा."

साहेबांनी अक्कांकडं बघितलं.

"सांगणार नाही," अक्का म्हणाल्या.

तगारेसाहेबांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि शांतपणे चावलं. "समोर मी चवीबद्दल काही विचारायच्या आत मालकांनी अख्खा मसाला सांगितला होता," ते म्हणाले. "ज्याला तो बसवावा लागला असेल, तो इतक्या पटकन सांगायचा नाही." आणि त्यांनी ठेका अक्कांच्या नावानं लिहिला.

पेठेत हलगी कडाडली. कोरडा दिवस असल्यामुळं सत्कारही लगेच झाला. नगराध्यक्षांनी अक्कांना शाल घातली, हौसाबाईंना नारळ दिला, आणि दुसरी शाल कॉम्प्युटरवर टाकली.

"जरा मोकळं राहू द्या," कॉम्प्युटर म्हणाला. "उकडतंय."

ती शाल मग अण्णांनी घेतली. अण्णांचं त्या दिवशीचं भाषण लांबलं, पण अक्कांनी मध्ये तोडलं नाही. गुलालानं सगळ्यांची तोंडं ओळखू येईनात, आणि तशाच अवतारात बायांनी दुसरी भट्टी पेटवली. चुरमुऱ्यांचा पहिला घाणा कढईत पडला तेव्हा हौसाबाईंनी तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली की नगराध्यक्ष दचकले.

संध्याकाळी आवटी हातात वाटी घेऊन दारात आले.

"अक्का, वाटीभर अक्कल देता का? घरात पाव्हणे यायचेत. नळ उद्याच येईल."

अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चव चोरायला लाज वाटली नाही, मागायला वाटायलीय होय? या आत."

मग कॉम्प्युटरकडं वळून म्हणाल्या, "काय रे, देऊ?"

"द्या की. भडंगाची तेवढी मी बाजूला काढून ठेवलीय."

अक्कांनी वाटी काठोकाठ भरून दिली. गरम होती म्हणून वर बशी झाकली. आवटी दोन्ही हातांत वाटी धरून हळूहळू रस्ता ओलांडायला लागले. मध्यावर त्यांना एक मोटरसायकल आडवी आली आणि दोन थेंब खाली सांडले.

तिथं बसलेल्या कुत्र्यानं ते चाटले, उठून दोन्ही बाजूंना बघितलं, वाहनं जाऊ दिली आणि मग रस्ता ओलांडला.