ऐकण्याआधी एक छोटीशी जाहिरात

जबाबदारी ही फार सुसंस्कृत गोष्ट आहे. ती कुणाच्याही अंगावर येत नाही, शेजारच्याकडे बोट दाखवून निघून जाते.

आमच्या शेजारी निवृत्त मास्तर एकटे राहतात. त्यांच्या कानातलं यंत्र मोबाइलवरच्या अ‍ॅपने चालतं. अ‍ॅप फुकट आहे. मोबदल्यात ते मधूनच माणसांचे आवाज बंद करून कानात जाहिरात सोडतं. (व्यवहार चोख आहे. आमच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ म्हातारे कुणाचंच ऐकत नाहीत. दहावा निदान जाहिरात तरी ऐकतो.)

एका रविवारी मुलगी आली. भाजी निवडता निवडता, वर्षभर मनात घोळवलेलं एकदाचं बोलली, "बाबा, एकटे नका राहू आता.

[इथे जाहिरात. कृपया थांबा.]

माझ्याकडे या, कायमचे."

मास्तरांच्या कानात तेव्हा एक गोड आवाज विचारत होता: जुनी गादी बदलायची ना?

प्रश्न आला की मोठ्याने उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची सवय. "नको बाई," ते म्हणाले. "आहे ते बरं आहे. या वयात नवं काही सोसत नाही."

मुलीने उरलेली भाजी निवडली आणि गेली. नंतर आली नाही. ती का येत नाही, हे मास्तरांनी मला विचारलं, मी तिला विचारलं, आणि घोटाळा कळल्यावर, चूक कुणाची हे सगळ्यांना लेखी विचारलं.

अ‍ॅपवाले: आम्ही फक्त जागा देतो.

जाहिरात पाठवणारे: आम्ही फक्त पोचवतो.

गादीवाले: मास्तरांनी नकार दिला, याचं दुःख आम्हालाही आहे.

तक्रार निवारण समिती: 'मान्य आहे' या बटणावर मास्तरांचाच अंगठा पडला होता, अंगठ्याला समज देण्यात येत आहे. मुलीनेही बोलण्यापूर्वी जाहिरात संपल्याची खात्री करायला हवी होती.

(निकाल एकमताने. समितीतल्या एका सदस्याचा फोन मध्येच वाजला, पण ती जाहिरातच होती.)

मास्तरांना सगळं सांगितलं. "ती असं म्हणाली?" त्यांनी विचारलं, आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा. तिकडे त्यांच्यासाठी रिकामी ठेवलेली खोली तोवर भाड्याने गेली होती.

असो. तुम्ही हे वाचत होतात तेव्हा घरातल्या कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही "हं" म्हणालात.

तुमच्या कानात तर यंत्रही नाही.