वानखेडेचं पाच एकर वाळवंट

वानखेडे चौकात गाडी थांबवायचा आणि मग निघायचाच नाही.

सिएटलजवळच्या आमच्या बॉथेलमध्ये सिग्नल नसलेले चौक पुष्कळ. चारही बाजूंना थांबण्याच्या लाल पाट्या. जो आधी आला त्याने आधी जायचं, एवढा साधा नियम. दोन गाड्या एकदम आल्या तर समोरचा माणूस हसून हाताने खूण करतो, जा तुम्ही आधी. नव्याने अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांना या सौजन्याचं कोण कौतुक! वानखेडेला मात्र नेमका तेव्हाच घाम फुटायचा.

"हा मला आधी काहून जा म्हणून राहिला?" स्टिअरिंग घट्ट धरून तो मला विचारायचा.

"चांगला माणूस आहे म्हणून."

"हे पाहाय, यात काहीतरी घोळ आहे."

मग तो समोरच्याला खूण करायचा, आधी तुम्ही. समोरचा पुन्हा याला. मागे गाड्यांची रांग. एकदा एक म्हातारी आपल्या गाडीतून उतरून आली आणि तुम्हाला बरं वाटतंय ना, असं तिने विचारलं. वानखेडेने उत्तर द्यायच्या आधी काच वर केली.

तो नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये, आणि अपार्टमेंटमध्ये भिंतीला भिंत. मी तेव्हा सडाफटिंग होतो. ऑफिसला त्याच्या गाडीतून जायचो आणि आठवड्यातून तीनदा तरी वैशालीवहिनींच्या हातचं जेवायचो. "पुणेकर, तू फार भोळा आहेस बे," असं तो मला म्हणायचा. पुण्याच्या माणसाला भोळा म्हणणारा माझ्या पाहण्यात तरी तो एकटाच.

वीस पौंडांची तांदळाची पिशवी घरी आली की तो आधी वजनकाट्यावर एकटा उभा राहायचा, मग पिशवी पोटाशी धरून. फरक बरोबर वीस निघाला की त्याचा चेहरा पडायचा. "एकदम बरोबर? इतकं बरोबर कसं काय?" दुकानाने वापरलेला टोस्टर एक शब्द न विचारता परत घेतला, तेव्हापासून त्याने ते दुकान सोडलं. डॉक्टरने तुमची तब्येत ठणठणीत आहे म्हटल्यावर डॉक्टर बदलला. जिथे लोक शंका घेतात तिथे हा निर्धास्त. विमानतळावर त्याची बॅग उघडून उलटीपालटी केली की म्हणायचा, "हे लोक काम करून राहिले."

अशा माणसाने इंटरनेटवर जाहिरात पाहून वाळवंटात पाच एकर जमीन घ्यायचं ठरवलं, हे मला वहिनींकडून कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

दोन हजार सहाची गोष्ट. सिएटलकडच्या लोकांना वाटतं वॉशिंग्टन म्हणजे नुसता पाऊस आणि हिरवी झाडं. पण डोंगर ओलांडून पूर्वेला तीन तास गेलं की सगळं करडं होतं. माती करडी, खडक करडे, गुडघाभर उंचीची सेजब्रशची झुडपंही करडी. पाणी नाही, वीज नाही, सावली नाही. तिथली जमीन जुन्या मोटारीच्या भावात मिळायची.

"विकेंड गेटअवे," वानखेडे म्हणाला. एवढे दोन शब्द त्याने जाहिरातीतून जसेच्या तसे, शंका न घेता उचलले होते.

"भाऊजी, तिथे बसायला झाड नाही हो एक," वहिनी म्हणाल्या.

"झाड नाही म्हणूनच तर चांगलं आहे. झाड असलं की कोणी ना कोणी येऊन बसते."

यामागची गोष्ट त्याने मला एका शनिवारी गाडीत सांगितली. त्याचे वडील, रामभाऊ, नागपूरला पोस्टात होते. त्यांनी शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला. घर बांधायची ऐपत नव्हती, पण कोणी कब्जा करू नये म्हणून दर रविवारी सगळं कुटुंब सिटी बसने तिथे जायचं, सतरंजी टाकायचं आणि दिवसभर प्लॉट राखत बसायचं. अशी सहा वर्षं. मग एका रविवारी गेले तर सतरंजीच्या जागेवर कोणाचं तरी जोतं तयार. तो प्लॉट चौघांना विकला होता आणि त्या चौघांत रामभाऊ तिसरे. जोत्यावर उभा असलेला मुनीम त्यांना म्हणाला, उठा इथून. रामभाऊ बायकोपोरांसमोर उठले. पुढे कोर्ट झालं, निकाल लागेपर्यंत ते रिटायर झाले, आणि निकालही विरुद्ध लागला.

"बाबांना व्हिजिटर व्हिसावर आणतो," वानखेडे म्हणाला. "तिथे मधोमध खुर्चीवर बसवतो. कोणी उठा म्हणणार नाही. बस."

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पण म्हणून घाई करेल तो वानखेडे कसला! चौकशीत त्याने सहा महिने घालवले. काउंटीच्या कचेरीत तो मला साक्षीदार म्हणून घेऊन गेला. खिडकीपाशी चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी पाच मिनिटांत जमिनीचा नकाशा, आधीच्या सगळ्या मालकांची नावं, चारही बाजूंचे शेजारी, सगळं हसतमुखाने काढून दिलं. सातबारा मिळवायला तलाठ्याकडे खेटे घालायची तयारी ठेवून गेलेला वानखेडे पार खचला.

"ताबा कोणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"कोणाकडेच नाही," बाई म्हणाल्या.

"कोणाकडेच नाही म्हणजे कोणाकडे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं.

अधूनमधून मी त्याला विचारायचो, "काय रे, बाबांच्या व्हिसाचं कुठवर आलं?" तो म्हणायचा, "होऊन राहिलं." हिवाळा संपला, वसंत आला आणि एकदाची त्याच्या नावावर खरेदी झाली.

त्यानंतर आमच्या शनिवारांचं मातेरं झालं. पहिल्या फेरीत चार कोपऱ्यांवर चार मोठे दगड ठेवून त्यांना पांढरा रंग दिला. दुसऱ्या फेरीत डिकी भरून विटा नेल्या. बांधायचं काही नव्हतं. पण जागेवर विटा पडलेल्या असल्या की मालक जागा आहे हे लोकांना कळतं, असं त्याचं म्हणणं. त्या त्याने मधोमध नीट रचल्या, माणसाच्या लांबीएवढ्या, उंचीला कमरेच्या खाली. त्यांच्या डोक्याशी पाटी रोवली. पाटी मराठीत: 'ही जागा श्री. रामभाऊ वानखेडे यांच्या मालकीची आहे. कोणीही खरेदी-विक्रीचा व्यवहार करू नये.'

"अरे, इथे मराठी वाचणार कोण? साप?"

"आपल्याला फसवणारा आपलाच असते," तो म्हणाला.

"आणि कागद तुझ्या नावावर, पाटी बाबांच्या नावाची?"

तो वाकून पाटीच्या बुंध्याशी माती दाबत राहिला. मला वाटलं, यातही त्याची काहीतरी मेख असणार. त्याच्या संगतीत मीही तसाच विचार करायला लागलो होतो.

तिसऱ्या फेरीत घोटाळा झाला. म्हणजे जागा जशीच्या तशी होती, पण जास्तच नीट होती. आठवड्यात वादळी वारा झाला होता, तरी पाटी ताठ उभी. तिच्या बुंध्याशी कोणीतरी दगड चेपून बसवले होते. निसटलेल्या विटा पुन्हा ओळीत लागल्या होत्या. आणि त्यांच्यावर एका डब्यात प्लॅस्टिकची पिवळी फुलं.

वानखेडे त्या फुलांकडे साप पाहावा तसा पाहत राहिला. नंतर हळूच म्हणाला, "सुरुवात झाली."

"कशाची?"

"कब्जाची. आधी फूल ठेवते. मग शेंदूर लावते. मग पत्रे टाकून देऊळ करते. देवळाला हात लावायची कोणाची हिंमत आहे? आमच्या तिकडे दोन लेआउट असेच गेले."

"पण इथे शेंदूर आणणार कुठून?"

"म्हणूनच आधी फूल."

हसू येत होतं, पण खरं सांगायचं तर मलाही ते फूल खटकलं. दहा मैलांत घर नाही, आणि कोणीतरी येऊन आपल्या विटा रचून जातं! कशासाठी? मी जमिनीवरचे टायरचे ठसे पाहिले. एकच गाडी, रुंद चाकांची, बऱ्याचदा आलेली. वानखेडेने सगळ्याचे फोटो काढले आणि फुलांना हात लावायचा नाही अशी मला सक्त ताकीद दिली, कारण तो पुरावा होता.

पुढच्या शनिवारी आम्ही दबा धरून बसलो. दबा म्हणजे काय, गाडी एका खडकाआड लावली आणि वहिनींनी दिलेला डबा मांडीवर ठेवून ऊन खात राहिलो. दुपारी दोनच्या सुमारास धुरळा दिसला. जुना निळा पिकअप ट्रक विटांपाशी येऊन थांबला. सत्तरीचा एक उंच माणूस उतरला. त्याने पाटी हलवून पाहिली, विटांवरची धूळ हाताने झटकली. मग डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली आणि नुसता उभा राहिला.

"पाहाय," वानखेडे कुजबुजला. "पूजा सुरू झाली."

तो दार उघडून धावलाच. मी मागोमाग. "धिस इज माय लँड!" तो ओरडला. "आय हॅव पेपर्स!" आणि खरंच, कागदांची फाइल काखेत होती.

म्हातारा दचकला, पण रागावला नाही. आपलं नाव डेल असल्याचं त्याने सांगितलं. पलीकडच्या माळावर त्याची गुरं होती. "माफ करा," तो म्हणाला. "कुंपणाच्या तारा बघायला मी इकडून जातो. वाऱ्याने तुमची पाटी पडते, म्हणून उभी करून ठेवतो. फुलं माझ्या बायकोने दिली. म्हणाली, इतक्या लांब कोणाला तरी पुरलंय, घरच्यांना रोज यायला जमत नसेल." मग विटांकडे पाहून त्याने हळू आवाजात विचारलं, "तुमचं कोण होतं?"

मी पाहिलं. माणसाच्या लांबीच्या विटा, डोक्याशी अनोळखी लिपीतली पाटी, चार कोपऱ्यांना पांढरे दगड. आम्ही आमच्या हातांनी वाळवंटाच्या मधोमध थडगं बांधलं होतं. मला इतकं हसू फुटलं की मी खोकल्याचं नाटक केलं. अहो, हे थडगं नाही, आमच्याकडची राखणीची पद्धत आहे, असं समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वानखेडे बोलला.

"माय फादर."

डेलने मान हलवली. "कसे होते?" एवढंच त्याने विचारलं.

आणि ज्या वानखेडेने ऑफिसात कोणाला आपला वाढदिवस कळू दिला नव्हता, तो बोलायला लागला. तुटक्या इंग्रजीत, फाइल काखेत तशीच धरून. बाबा पोस्टात होते. पत्ता अर्धवट असला तरी पत्र घरी पोचवायचे. सायकलला घंटी नव्हती, तोंडाने आवाज काढायचे. डेल ट्रकच्या मागच्या फळीवर बसून ऐकत होता. आम्ही डबा उघडला. त्याने वहिनींची मेथीची भाजी दोनदा घेतली. निघताना वानखेडेचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, माझं लक्ष आहे, काळजी करू नका.

मी मात्र मनातून संतापलो होतो. संशयापायी माणसाने किती थराला जावं? परतीच्या रस्त्याला लागताच मी फटकारलं. "शेजारी हाताशी धरायला नामी युक्ती काढलीस! पण जिवंत बापाला मारायचं म्हणजे हद्द झाली, वानखेडे."

त्याने गाडीचा वेग कमी केला.

"फेब्रुवारीत गेले बाबा," तो म्हणाला.

फेब्रुवारी. म्हणजे मी 'व्हिसाचं कुठवर आलं' विचारत होतो तेव्हा. एका भिंतीपलीकडे राहत होतो, त्याच्या घरी जेवत होतो. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की लोक पहिला प्रश्न काय विचारते? गेला नाहीस का? आणि नाही गेलो ना मी. ग्रीन कार्डच्या कागदांचं मधेच अडकलं होतं. वकील म्हणाला, आत्ता देश सोडू नका. पुणेकर, मी साऱ्या दुनियेवर डाउट घेतो. त्या एका वकिलाला मात्र एक प्रश्न नाही विचारला. नका जाऊ म्हणाला, नाही गेलो. वैशालीलाही शपथ घातली, कोणाला सांगू नको म्हणून."

खरंच जाता आलं नसतं का, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"रविवारी प्लॉटवर जायचात, तेव्हा डब्यात काय असायचं रे?" मी विचारलं.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. हा काहून विचारून राहिला, असं आता म्हणेल असं वाटलं. पण म्हणाला नाही.

"पोळ्या. वांग्याची भाजी. कांदा बाबा बुक्कीनं फोडायचे," तो म्हणाला. "आणि आम्ही कुठं पण सांडत बसलो की ओरडायचे. म्हणायचे, अरे, ते देवघर आहे, तिथं खरकटं नका करू. इकडे या, हॉलमध्ये बसून जेवा." तो हसला. "नुसती मोकळी जमीन होती बे. आम्ही चौघं उठून दोन हात सरकून बसायचो."

मग त्याला समोरचं दिसेनासं झालं. मी म्हटलं, गाडी बाजूला घे. त्याने मुकाट्याने घेतली आणि उतरून माझ्या बाजूला आला. उरलेला घाट मी चालवला. बॉथेल येईपर्यंत तो घराच्या बाकीच्या खोल्या कुठे कुठे होत्या ते सांगत होता.