सगळ्यांनाच पहिला नंबर

जुन्या पेठेतल्या पशुसल्ला केंद्रात सोमवारी सकाळी सांगोल्याकडचा मेंढपाळ धुळा आला, तो लोकरीचं भलंमोठं गाठोडं पाठीवर घेऊनच. ते त्यानं डॉक्टर विजयमालाबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी सांगितलं तसं केलं. आता मेंढरं कुडकुडत्यात. पुढं काय करू?"

बाईंनी फोनवर सांगितलं होतं, थंडी ओसरेपर्यंत लोकर कापू नका. धुळ्याला ऐकू आलं ते 'कापू'पर्यंत. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि केंद्राच्या फोनवर नेमका शेवटच गिळला जायचा. धुळा काही बाईंचा शब्द मोडणारा माणूस नव्हता. त्यानं अख्खा कळप भादरून ठेवला होता. बाईंनी त्याला मेंढरांच्या अंगावर पोत्याच्या झुली घालायला सांगितलं आणि तेच त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी शिवराजला हाक मारली.

शिवराज होटगीचा. केंद्रातले कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे सगळं त्याच्याकडे. देवानं त्याला बाकी गोष्टी बेतानं दिल्या असतील, पण आत्मविश्वास देताना हात आखडला नव्हता. त्यानं दुखणं लगेच सांगितलं. केंद्रात इंटरनेटची लाइन एकच. मेंढपाळांचे फोन तिच्यावरून, हिशेब तिच्यावरून, आजारी जनावरांचे व्हिडिओही तिच्यावरूनच. एखादा जाडजूड व्हिडिओ लाइनीत घुसला की फोनवरचे शब्द त्याच्यामागं अडकायचे आणि काही वाटेतच गळून पडायचे. मोबाइल वापरावा, तर त्या जुन्या इमारतीच्या भिंती अशा जाड, की आत रेंज येत नसे.

"बाई, हिशेबाचं पान जरा उशिरा उघडलं तर काय बिघडत नाही," शिवराज म्हणाला. "पण 'नका' उशिरा आला तर मेंढरू भादरलं जातं. म्हणून आवाजाला पहिला नंबर द्यायचा. बाकीच्यांनी त्याच्यामागनं यायचं. संध्याकाळपर्यंत करून देतो."

आणि त्यानं खरंच करून दिलं. लाइनीच्या तोंडाशी बसवलेल्या यंत्रात त्यानं नियम घातला: फोनचा आवाज आला की त्याला आधी सोडायचं, उरलेल्या जागेत बाकी सगळ्यांनी रांगेनं जायचं. दुसऱ्या दिवशी फोन घेणाऱ्या सावित्रम्मांनी रिसीव्हर कानाला लावला आणि त्या हरखून गेल्या. पलीकडच्या बकरीच्या गळ्यातली घंटासुद्धा ऐकू येत होती. त्यांनी घरून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी शिवराजपुढं ठेवली. दिवसभर जो भेटेल त्याला शिवराजनं सगळं समजावून सांगितलं. ही मात्र चूक झाली. पहिला नंबर नावाची काहीतरी चीज आहे आणि ती शिवराजच्या हातात आहे, हे त्यामुळं सगळ्यांना कळलं.

पहिले आले केंद्राचे संचालक मानसिंगराव. त्यांच्या मीटिंगा व्हिडिओवरून चालत आणि कालपासून त्यांचं चित्र जरा अडखळत होतं. शिवराजनं सांगून पाहिलं, की पहिला नंबर फक्त आवाजाला आहे.

"मग मी मीटिंगमध्ये काय मुका बसतो का?" मानसिंगरावांनी विचारलं.

शिवराजनं त्यांच्या मीटिंगला पहिला नंबर दिला. तासाभरानं हिशेब बघणारी वैष्णवी आली. तिचा मुद्दा सरळ होता: साहेबांना मिळतं, तर ज्या हिशेबावर साहेबांचं केंद्र चालतं त्याला का नाही? तिलाही मिळाला. मग खुद्द विजयमालाबाई आल्या. मेंढपाळ जनावरांचे व्हिडिओ पाठवतात ते बघितल्याशिवाय फोनवर सांगणार काय, असं त्या म्हणाल्या. हे तर अगदीच खरं होतं. व्हिडिओही पुढच्या रांगेत आले.

शिवराजला नाही म्हणणं जड जात होतं असं नाही. प्रत्येकाचं म्हणणं त्याला त्या-त्या वेळी पटत होतं. शिवाय आपण घातलेला नियम इतका भक्कम आहे, की तो आणखी एखादं ओझं सहज पेलेल, याची त्याला खात्री होती. गुरुवारी संध्याकाळी त्यानं यंत्राकडे पाहिलं, तेव्हा मागच्या रांगेत कुणीच उरलं नव्हतं. सगळे पहिले होते.

शुक्रवारी पुण्याच्या पूनम मॅडमची मीटिंग होती. केंद्राला मदत देणाऱ्या संस्थेचं काम त्या बघत. पुढच्या वर्षी केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्या ठरवणार होत्या. मानसिंगरावांनी नवा कोट घातला, खोलीचं दार लावून घेतलं आणि स्क्रीनसमोर बसून प्रास्ताविक सुरू केलं.

त्याच वेळी सांगोल्याजवळच्या माळावरून अंबुबाईचा फोन आला. घरचे सगळे बाजाराला गेलेले, ती एकटी, आणि मेंढी अडलेली. विजयमालाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टरीणबाई, कोकराचं डोस्कं दिसतंय आन् एकच पाय. दुसरा पाय कुटं गेला काय कळंना. ओढू का?"

"ओढू नका. दुसरा पाय आत दुमडलाय. आधी कोकरू थोडं मागं सरकवा."

पलीकडून खरखर आली. मग अंबुबाईचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला. "...ओढू म्हन्ता? ...बरं... धरते पाय..."

विजयमालाबाई फोनवर वाकल्या. "ओढू नका," त्या पुन्हा म्हणाल्या. पलीकडं किती पोचलं ते देवालाच ठाऊक. त्यांनी मान वळवून शिवराजकडे पाहिलं.

शिवराज उठला होता. काय झालंय ते त्याला एका क्षणात उमगलं: पुढच्या रांगेत सगळेच उभे होते आणि त्या गर्दीत अंबुबाईचा फोन चेंगरत होता. कुणाला मागं ढकलायचं याचा विचार करायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर यंत्राचे नियम उघडले आणि सगळ्यांनाच ढकललं. हिशेब मागं गेला, व्हिडिओ मागं गेले. राहिली संचालकांची मीटिंग. तिच्या नियमावर बोट ठेवून तो जेमतेम एक श्वास थांबला. पलीकडच्या खोलीतून मानसिंगरावांचा खणखणीत आवाज येत होता. ते अजून केंद्राच्या स्थापनेपर्यंतच पोचले होते. शिवराजनं तीही मागं ढकलली.

खरखर थांबली. खोलीत मेंढीचं कण्हणं स्वच्छ ऐकू आलं.

"अंबुबाई, ओढलं नाही ना?"

"न्हाय अजून. तुमी म्हन्ला व्हय ओढू?"

"नाही. ऐका आता. हात साबणानं धुवा, तेल लावा."

तिकडं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुण्याच्या पूनम मॅडमना वेगळंच दिसत होतं. मानसिंगराव तोंड उघडून, एक हात वर करून जागच्या जागी थिजले होते. मॅडमनी थोडी वाट पाहिली, दोनदा हाका मारल्या. मग केंद्राच्या कागदावर छापलेला नंबर फिरवला. तो सल्ल्याचा नंबर होता. शेजारच्या दुसऱ्या फोनवर तो सावित्रम्मांनी घेतला.

"मेंढी का शेळी?" सावित्रम्मांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"नाही, मी पूनम. पुण्याहून बोलतेय."

"पुण्यात पण पाळतात व्हय? थांबा जरा, बाई एक मेंढी सोडवायल्यात. झालं की तुमचीच पाळी."

असं म्हणून त्यांनी रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला आणि त्याही विजयमालाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. रिसीव्हर स्पीकरच्या अगदी जवळ होता. पूनम मॅडमना पुण्यात बसून सगळं ऐकू आलं: कोकरू मागं सरकल्याचं, दुमडलेला पाय हाताला लागल्याचं, तो खुरावर हात धरून अलगद पुढं घेतल्याचं. मग एक बारीक, चिडका आवाज आला.

"आलं की," अंबुबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "बाई, अजून येक हाय वाटतं आत."

दुसरं आपणहून आलं. विजयमालाबाई खुर्चीत टेकल्या आणि पदरानं कपाळ पुसू लागल्या. सावित्रम्मांनी डोळे पुसत रिसीव्हर उचलला आणि विचारलं, "हां, बोला. तुमच्या जनावराला काय होतंय?"

पूनम मॅडमनी सांगितलं की आता त्यांना काही विचारायचं नाही, केंद्र पुढच्या वर्षीही चालू राहील आणि तसं पत्र त्या आजच पाठवतील. साहेबांना फोन द्यायला मात्र त्या विसरल्या.

शिवराज बंद दाराकडे बघत उभा होता. आत मानसिंगराव अजून बोलतच होते. आपण संचालकांची मीटिंग मारली, हे त्याला कबूल करायचं होतं आणि का मारली तेही सांगायचं होतं. दोन्हीची मनाशी तयारी झाली होती. तेवढ्यात वैष्णवीनं पुण्याहून आलेलं पत्र छापून आणलं. ती दार ढकलून आत गेली. मानसिंगराव उपसंहारावर होते. पत्र वाचून ते उठले, कोट सारखा केला आणि बाहेर आले. चेहरा असा उजळलेला, की शिवराजनं जुळवलेलं वाक्य मागं ढकललं.

"मान्य झालं," ते सगळ्यांना म्हणाले. "मीटिंग संपायच्या आधीच मॅडमनी पत्र पाठवलं. आजवर इतक्या लोकांपुढं बोललो, पण इतकं मन लावून ऐकणारं माणूस बघितलं नाही. शेवटपर्यंत एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. पापणीसुद्धा हलवली नाही."

विजयमालाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सावित्रम्मांनी रिसीव्हर उगाचच पुसायला घेतला.

मानसिंगराव शिवराजजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "आज माझ्या लाइनीला जे काय केलं होतंस ना, ते तसंच ठेव. प्रत्येक मीटिंगला."

"ठेवतो, साहेब," शिवराज म्हणाला.