पट्ट्यावर अंगठा दाबणारे साडभाऊ

ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की पुंडलिकराव तिच्यावर अंगठा दाबून पाहतात. कपड्यांची दोरी, खाटेची नवार, मांडवाचे दोर. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या फेट्यावर अंगठा दाबला आणि "जास्त झालं, डोकं दुखीन," असा निकाल दिला. डोकं दुखलंच, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

पुंडलिकराव माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यात पुल्या आणि शाफ्ट बनवायचं त्यांचं वर्कशॉप. मी अमरावतीत बँकेत. आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, वलगावला फुलशेती आणि घराला लागून पिठाची चक्की. त्या घरात पुंडलिकरावांचं नाव निघालं की सासूबाईंचा चेहरा उजळतो. माझं निघालं की त्या म्हणतात, "तेबी चांगले हायेत." हे 'तेबी' मला वर्षानुवर्षं खुपतंय.

गेल्या दिवाळीआधी चक्कीचा पट्टा घसरू लागला. साडभाऊंना फोन जायच्या आत मीच मोटर मागे सरकवून तो असा कसला की टिचकी मारली तर वाजावा. मामाजी खूश. आठवडाभरात शाफ्ट, म्हणजे पुली बसवलेला लोखंडी दांडा, बेअरिंगपाशी मोडला.

पुंडलिकराव हजर. "पट्टा कोनं कसला?"

सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं.

"आधी मोजा, मंग बोला," हे त्यांचं पालुपद. सांडलेल्या पिठात त्यांनी बोटाने पुली काढली. "पाहा साडभाऊ. पट्ट्याची एक बाजू ताठ, एक ढिल्ली. दोनीच्या फरकावर चक्की फिरते, पन शाफ्टले दोनीची बेरीज सोसा लागते. तुमी कसलं तं फरक तेवढाच रायला, बेरीज वाढली. त्यात पुली बेअरिंगपासून लांब. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसा तुटला हा."

नवा शाफ्ट, पुली बेअरिंगला खेटून, पट्टा बेताचा. चक्की सुरू. जेवताना सासूबाई त्यांच्या रोडग्यांवर तूप ओततच राहिल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

निघताना न राहवून मी बोललोच, "तुमचं बरं आहे बुवा. तुमच्याशिवाय या घरात पान हलत नाही."

ते हात पुसता पुसता थांबले. "खरं सांगू? मले तुमची जलन होते. मले ह्या घरचा फोन येते तवा कायतरी मोडलेलं रायते. तुमाले काहून बलावतेत?"

"काहून म्हणजे? असंच. गप्पा मारायला."

"मले बी येतेत ना गप्पा," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात ओट्यावरून मामाजींची हाक आली, "पुंडलिकराव, चाल्ले का? थांबा ना जराक!"

पुंडलिकरावांचा चेहरा असा खुलला म्हणता!

"विहिरीवरची मोटर आवाज करून रायली. तेवढी पाहून घ्या."

"हो, मामाजी," म्हणत त्यांनी पिशवीतून पाना काढला. मामाजींनी मला मात्र हाताला धरून शेजारी बसवलं. "तुमी कुठं चाल्ले? बसा, चहा घेऊ."

मी उठलो आणि विहिरीवर गेलो. पुंडलिकराव मोटरीवर वाकले होते. मला पाहून चकित झाले. "तुमी काहून आले?"

"असंच," मी म्हणालो.