मोकळं जातं

कट्ट!

दुपारच्या सामसुमीत जात्याचा खुंटा मोडला आणि वच्छलाचा हात तसाच हवेत राहिला. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू अजून सुपातच होता. घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ, आणि यंदा पाळण्यातल्या बाळाची पहिलीच.

"दिवा लागाना आगोदर पीठ नही उनं, ते बाळनी मूठ ऱ्हाई जाई," सासू तानुबाई म्हणाल्या. "जाय, नानानी मांडेल जातावर."

रुपचंदनाना म्हणजे भाऊबंदांचे कारभारी. लढाईपायी रॉकेल मिळेना, गिरणीचं इंजिन गप्प होतं. म्हणून नानांनी एक जातं वरच्या गल्लीत मांडलं, एक खालच्या. कुठलं मोकळं ते सांगायला पुतण्या हिलालला घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चढवला. पहूरच्या, चाळीसगावच्या माहेरवाशिणी सणाला किती उतरतील, हे मात्र कानबाईलाच ठाऊक.

वच्छला एका हातात सूप, दुसऱ्यात लेकीचं, धुरपीचं, बोट धरून वर गेली. रांग पारापर्यंत!

"खालनं मोकळं शे!" हिलाल ओरडला.

सगळ्या बाया खाली धावल्या. वच्छला पोचेतो तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.

"वरनं मोकळं शे वं!"

झुंड उलटी फिरली. बोळात चढत्या नि उतरत्या सुपांची टक्कर झाली. मंजुळाबाईंचा गहू सुंदरबाईंच्या सुपात पडला.

"मना सासरानी मूठ परत दे!"

"वयखी ले, कोनती शे ती!"

नाना घाम पुसत म्हणाले, "हिलाल, मोठा आवाजमा सांग रे! बायासले ऐकू येत नही!"

वर-खाली, खाली-वर. ऊन भिंतीच्या माथ्याला पोचलं. खालच्या गल्लीत धुरपी मटकन बसली.

"मी नही येवाव. पाय दुखतस."

"ऊठ ना वं बाई, बाळनी मूठ..."

"वरनं मोकळं शे!" झुंड गेली. मागे उरलं जातं, थकलेली पोर आणि वच्छला.

तिनं झटकन जात्याच्या तोंडात गव्हाची वैरण घातली. जातं घरघरलं. धुरपीनंही खुंट्याला इवला हात लावला. बाळाची मूठ पीठ होऊन झरू लागली.

"खालनं मोकळं शे!" हिलालनं गळा फाडला. "कोनी नही तठे!"

बोळातून पावलांचा दणका जवळ येऊ लागला. धुरपीनं हात न थांबवता आईकडे पाहिलं.

"माय, आपन शेतस ना आठे? मंग आपन मोजामा नहीत का?"