हवालदाराचं हाय-न्हाई

आमच्या शेजारचा दत्तू हवालदार कुठल्याही प्रश्नाला दोनच उत्तरं द्यायचा, ‘हाय’ नाहीतर ‘न्हाई’. अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या भावाची तब्येत पाहुण्यांनी विचारली, तर म्हणाला, “हाय.” पाहुणे पुढचं ऐकायला थांबले, हा वैरण टाकायला निघून गेला. मी अर्धा कप चहा देऊ का म्हटलं, की मलाच विचारायचा, “अर्धा म्हंजी हाय का न्हाई, वयनी?” एकदा वैतागून मी रिकामा कप पुढं ठेवला. त्यानं आत वाकून बघितलं, “न्हाई” म्हणाला आणि उठून गेला.

फौजेत तो बिनतारी संदेशाच्या कामावर होता. पेन्शनीत आला आणि दोन वर्षांत त्याची बायको हिरा तापानं आजारी पडली. हिरा माझ्याच माहेरची, चौथीपर्यंत आम्ही शेजारी बसलो. ती जगली, पण कान गेले. माणसाचं बोलणं कळेना, एक जाडसर सूर तेवढा ऐकू यायचा. तो सूर हवालदारानं पातेली, पिपाण्या आणि सायकलचे भोंगे वाजवून शोधला. गल्लीला वाटलं, ताप ह्याच्याच डोक्यात गेला.

मग त्यानं मळ्यातल्या खोपीपासून घरापर्यंत तार ओढली. दोन्ही टोकांना एकेक डबा, डब्याला बटण. इकडं दाबलं की तिकडं वाजायचं. भाकरी मागवायला तार ओढली म्हणून गाव हसलं. गाव कशाला, मीही हसले.

उन्हाळा आला आणि खोपीतला डबा बिघडला. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी होती. खोपीचा पत्रा तापला की सूर चढत जाऊन डासासारखा व्हायचा. मला ऐकू यायचा. हिरा मात्र डब्याकडं पाठ करून डाळ निवडत बसायची. मग हवालदार भर उन्हात धापा टाकत घरी यायचा.

मी म्हटलं, “आवं भावजी, जरा वर-खाली हुयाचंच. जवळपास तरी हाय न्हवं?”

“जवळपास म्हंजी न्हाई,” तो म्हणाला आणि हिराच्या पाठीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला. परत आला तो डबीभर काळ्या गोमी घेऊन. दोन्ही बाजूंना पाय असलेली एक गोम ओट्यावर दिसली, मी चप्पल उचलली. तेवढा एकदाच हवालदार माझ्यावर ओरडला. ते यंत्राचे भाग होते, ‘चिप’ म्हणतात त्या. नव्या डब्यात एक स्फटिक होता. तो थरथरतो, पण उन्हानं त्याची लय बिघडत नाही. त्या गोमी त्याची थरथर मोजायच्या आणि ठरलेला आकडा भरला की हाय, पुन्हा भरला की न्हाई, असं सारखं म्हणत राहायच्या. त्यातून सूर निघायचा. म्हणजे ह्यानं स्वतःसारखंच यंत्र बनवलं होतं.

ऐन दुपारी पत्रा तापलेला असताना डबा वाजला. हिराची मान वर आली. डाळीचं सूप बाजूला सारून तिनं बटणावर बोट ठेवलं.

त्यानंतर डबा रोज दुपारी वाजायचा, कधी तोकडा, कधी लांब. एवढ्या भाकऱ्या कुठला माणूस खातो? एकदा हिराजवळ बसले असताना मी हातानंच विचारलं, काय म्हणतोय?

हिरा डब्याला कान लावून सांगायला लागली. “पाटाला पानी आलंय म्हनतोय. बांधावर मोर हाय. काल सपनात आई आलती त्येच्या. तुझी शेरडं आमच्या वांग्यात शिरल्यात.”

माझी शेरडं वांग्यात शिरली होती का, हे मी सकाळीच त्याला विचारलं होतं. “हाय” एवढंच म्हणाला होता. आणि इथं मोर, आई, सगळं सांगत होता. सुरांची ती बाराखडी हिवाळाभर त्यानं तिच्या तळहातावर बोटानं ठोकून शिकवली होती.

डबा पुन्हा वाजला. हिरा हसली.

“ती भांडकुदळ अजून बसलीया का, म्हनून इचारतोय. काय सांगू? हाय का न्हाई?”

मी हात हलवून ‘न्हाई’ म्हणून खूण केली आणि उठले. हिरानं बटण दाबून तसं कळवलं. शेरडं हाकायचीच होती. उंबरा ओलांडला नाही तोवर डबा परत सुरू झाला.